भाव वाढला, पीक तेवढेच

आपल्या कार्यक्षेत्रात उसाच्या दराखालोखाल सध्या कशाची चर्चा होत असेल, तर ती जमिनीच्या भावाची. गट कार्यालयात जा, सोसायटीच्या ओट्यावर बसा, नाहीतर तोडीच्या फडात उभे राहा. “अमक्याच्या रानाला एकरी इतके लाख लागले” हे वाक्य कानावर येतेच. ऐकून क्षणभर बरे वाटते. आपलेही रान त्याच शिवारात आहे, म्हणजे आपणही तेवढ्या मोलाचे धनी झालो असे मनात येते. पण मागोमाग घरपट्टीची मागणी येते, किंवा चुलतभावाचा हिस्सा विकत घ्यायचा प्रसंग येतो, आणि मग सभासद विचारतो, “जमीन तीच, विहीर तीच, टनेज तेच. मग कागदावरची किंमत वाढली म्हणून आम्ही जादा पैसे कोठून भरायचे?”

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे जे उत्तर गावोगाव दिले जाते, ते आम्हांस पटत नाही. “सरकारी भाव कमी करा” अशी मागणी आपण करतो आणि खरेदीखतात किंमत कमी दाखवून मोकळे होतो. आमचे म्हणणे असे आहे की, भाव खरा असावा आणि तो कागदावरही खराच यावा. पण जो माणूस जमीन विकत नाही, कसतो, त्याच्यावरचा कर त्या भावाला बांधू नये. भाव ही एक गोष्ट आणि कराची ऐपत ही दुसरी. या दोहोंची गाठ मारली गेली आहे, ती सुटली पाहिजे.

भाव ठरतो कसा

ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, तो वार्षिक बाजारमूल्य दरांचा तक्ता होय. मुद्रांक कायद्याखालील १९९५ च्या नियमांना धरून तो तयार होतो. पूर्वी तो १ जानेवारीला लागू होई, २०१६ पासून १ एप्रिलला होऊ लागला. खरेदीखत करताना प्रत्यक्ष व्यवहाराची किंमत आणि तक्त्यातील किंमत यांपैकी जी जास्त असेल, तिच्यावर मुद्रांक शुल्क द्यावे लागते.

आता आकडे बघा. ग्रामीण भागासाठी २०२२-२३ च्या तक्त्यात सरासरी ६.९६ टक्के वाढ झाली. पुढची दोन वर्षे दर जैसे थे राहिले. २०२५-२६ मध्ये ग्रामीण भागाला सरासरी ३.३६ टक्के वाढ लागली. याच काळात उसाची एफआरपी २०२२-२३ च्या टनाला ३,०५० रुपयांवरून २०२५-२६ मध्ये ३,५५० रुपयांवर गेली, दोन्ही वेळा १०.२५ टक्के उताऱ्याला. तेव्हा कोणी म्हणेल, “मग तक्रार कसली? ऊसही वाढलाच की!”

तक्रार सरासरीबद्दल नाहीच. सरासरी ही साऱ्या जिल्ह्यांची, साऱ्या गावांची असते. नदी सरासरी गुडघाभर असली, तरी डोहात माणूस बुडतोच. ज्या गावाजवळून नवा रस्ता जातो, जेथे औद्योगिक वसाहत येते, तेथे चार-दोन तुकडे भलत्याच भावाने विकले जातात. घेणारा कोण असतो? बहुतेक वेळा ऊस लावणारा नसतो. तो प्लॉट पाडणारा असतो, पेट्रोल पंप टाकणारा असतो, नाहीतर शहरातला पैसा मातीत गुंतवून ठेवणारा असतो. त्याने दिलेला भाव हा उद्याच्या इमारतीचा भाव आहे, आजच्या उसाचा नव्हे. पण या व्यवहारांचे सावट शेजारच्या साऱ्या शिवारावर पडते.

हिशेब करून पाहू. समजा, एकरी ४० टन ऊस निघाला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये हाती आले. म्हणजे १,२०,००० रुपये. बेणे, खत, मशागत, वीज, पाणीपट्टी, मजुरी यांत ७०,००० गेले, तर उरले ५०,०००. तक्त्यात त्या एकराची किंमत १८ लाख असेल, तर नुसत्या उसावर ती उभी करायला ३६ पिके लागतील. आणि आडसाली ऊस दीड वर्षे रान अडवतो, हे आपणांस सांगायला नको!

आता याच एकराचा व्यवहार घरातल्या घरात १२ लाखांना ठरला असे धरा. मुद्रांक आणि त्यावरचा अधिभार मिळून शेकडा ५ आणि नोंदणी फी शेकडा १ धरली, तर १२ लाखांवर ७२,००० रुपये होतात. पण पैसे भरावे लागतात तक्त्यातल्या १८ लाखांवर, म्हणजे १,०८,०००. वरचे ३६,००० रुपये म्हणजे १२ टन उसाचे बिल. जो पैसा कोणी दिला नाही आणि कोणी घेतला नाही, त्याच्यावरचा हा कर आहे.

घरपट्टीची गोष्ट

शेतसारा आज इतका किरकोळ आहे की, त्याबद्दल कोणी ओरडत नाही. ओरड आहे ती घरपट्टीची. ग्रामपंचायत पूर्वी घराच्या चौरस फुटांवर घरपट्टी लावीत असे. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि ती भांडवली मूल्यावर आली. जागेचा रेडी रेकनरमधील दर, बांधकामाचा दर, घराचे वय पाहून धरलेली घट आणि घराचा वापर, यांवरून भांडवली मूल्य काढायचे आणि दर हजारी ठराविक पैसे कर लावायचा, अशी ही पद्धत.

पद्धतीत तत्त्व वाईट नाही. मातीच्या घराला आणि स्लॅबच्या बंगल्याला एकच माप नको, हे आम्हांसही मान्य आहे. गावाला दिवाबत्ती, गटार, पाणी हवे असेल, तर ग्रामपंचायतीच्या तिजोरीत पैसा आला पाहिजे, हेही मान्य. घरपट्टी थकवून ग्रामसेवकाला नावे ठेवणाऱ्यांच्या बाजूने आम्ही उभे नाही. पण गाठ कोठे पडली ते पाहा. जागेचा दर त्याच तक्त्यातून येतो. सडकेला कोणी ढाबा काढला, प्लॉट पाडले, दर चढले, की त्याच गावात तीन पिढ्या राहणाऱ्या माणसाच्या घराचे मूल्य बसल्या जागी चढते. त्याच्या घरावर एक वीटही नवी चढलेली नसते.

येथे एक बाब सभासदांनी लक्षात ठेवावी. शेतसारा लागणाऱ्या शेतजमिनीवर ग्रामपंचायतीला कर बसवता येत नाही, पण त्या जमिनीत घर बांधले असेल, तर त्या घराला घरपट्टी लागते. आपली बरीच मंडळी वस्तीवर राहतात. म्हणून नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, आपल्या घराचा प्रकार काय लिहिला आहे, वय किती धरले आहे, चौरस फूट किती आहेत, हे स्वतः जाऊन पाहावे. दगड-मातीचे घर स्लॅबचे म्हणून लागलेले असले, तर दोष कायद्याचा नसतो, नोंदीचा असतो, आणि नोंद दुरुस्त होते. आकारणीची यादी पक्की होण्याआधी हरकत घेता येते. त्यानंतरही पंचायत समितीकडे अपील आहे. मुदत मात्र पाळली पाहिजे. मुदत संपल्यावर चावडीत आवाज चढवून काही उपयोग होत नाही.

हा प्रश्न नवा नाही

जमिनीची किंमत कागदावर चढवून कर वाढवण्याचा प्रकार आपल्या मुलखाने पूर्वीही भोगला आहे. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला पुणे जिल्ह्यात प्रिंगल साहेबाने निव्वळ उत्पन्नाचे बारीक हिशेब मांडून सारा ठरवला. कागदावर हिशेब चोख होता, पण तो रयतेला पेलला नाही आणि रानेच्या राने ओस पडली. मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली आणि सारा ३० वर्षांसाठी बांधून दिला. ती मुदत संपल्यावर फेरआकारणी झाली आणि सारा पुन्हा चढला. १८७५ साली सुप्यापासून जे दंगे पेटले, त्यांचा रोख सावकारांवर होता. पण वाढलेल्या साऱ्याने शेतकरी आधीच टेकीला आला होता. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा या ३० वर्षांच्या बंदोबस्तावर आणि लोकल फंडावर कोरडे ओढले, ते उगीच नव्हे.

पण या इतिहासातून आपण दोन चांगल्या गोष्टीही उचलाव्यात. पहिली अशी की, परक्या सरकारलाही वाढीला मर्यादा घालावी लागली. १८७० च्या दशकात मुंबई सरकारने ठरवले की, फेरआकारणीत तालुक्याची एकूण वाढ ३३ टक्क्यांच्या वर, एका गावाची ६६ टक्क्यांच्या वर आणि एका खात्याची दुपटीच्या वर जाऊ नये. म्हणजे नुसती सरासरी पाहून भागत नाही, गावाचे आणि खातेदाराचेही वेगळे पाहावे लागते, ही अक्कल दीडशे वर्षांपूर्वी आली होती. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. खातेदाराने स्वतःच्या पैशाने जी सुधारणा केली, विहीर खोदली, रान सपाट केले, तिच्या जोरावर त्याचा सारा वाढवायचा नाही, हे तत्त्व १८६५ च्या मोजणी कायद्यात आणि पुढे १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात आले.

आज काय आहे? कर्ज काढून विहीर पाडली, पाइपलाइन केली, ठिबक बसवले आणि सातबाऱ्यावर ऊस लागला, की जमीन बागायत झाली. बागायतीचा दर जिरायतीच्या वर. शेतकऱ्याच्या घामाची किंमत त्याच्याच कागदावर चढते. कालव्याचे पाणी सरकारने दिले असेल, तर गोष्ट वेगळी. पण स्वतःच्या विहिरीच्या पाण्याला हा न्याय का, असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

बारडोलीचेही येथे स्मरण होते. सुरत जिल्ह्याचा हा तालुका त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता. तेथे सरकारने सारा २२ टक्क्यांनी वाढवला. १९२८ साली वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी साराबंदी केली. जप्त्या आल्या, भांडीकुंडी आणि जनावरे गेली, पण लोक हटले नाहीत. शेवटी ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी नेमली गेली. ज्या खंडाच्या आकड्यांवर ती वाढ उभी होती, ते आकडेच गावात जाऊन नीट तपासलेले नव्हते, असे चौकशीत निघाले आणि २२ टक्क्यांची वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. बारडोलीचा शेतकरी “आम्हांला कर नकोच” असे म्हणत नव्हता. “आकडे तपासा” असे तो म्हणत होता. आपलीही मागणी तीच असावी.

कमी भावाचा कागद

आता थोडे कडू बोलावे लागेल. आपल्यातील काही मंडळी मुद्रांक वाचवण्यासाठी खरेदीखतात किंमत कमी लिहितात. तक्त्याएवढी किंमत कागदावर आणि वरची रक्कम पिशवीतून. “सगळेच करतात” असे म्हणतात. करत असतील, पण त्याने नुकसान कोणाचे होते, हे एकदा समजून घेऊ या.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे जमिनीचे बाजारमूल्य ठरवताना मुद्रांक कायद्याखालचा दर पाहतात. त्याचबरोबर मागील ३ वर्षांत त्या परिसरात झालेली तशाच जमिनीची खरेदीखते काढून, त्यांतल्या वरच्या किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी घेतात. यांत जे जास्त असेल ते धरतात. मग ग्रामीण भागासाठी गुणक, १ ते २ यांच्या दरम्यान, आणि त्यावर तेवढीच, म्हणजे १०० टक्के, दिलासा रक्कम. म्हणजे मूळ किमतीत कागदावर १ लाख कमी लागला, तर मोबदल्यात किमान २ लाख कमी येतात आणि गुणक २ असेल तेथे ४ लाख. ज्याने कमी भावाचा कागद केला, त्याने मुद्रांकाचे काही हजार वाचवले असतील. पण उद्या महामार्ग आला, तर त्याच्या बांधाला लागलेल्या शेजाऱ्याचे लाख बुडतात. आणि त्या शेजाऱ्याने तर काहीच लपवलेले नसते!

हे दूरचे राहिलेले नाही. समृद्धी महामार्गाला हजारो एकर जमीन गेली आणि तो जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. शक्तिपीठ महामार्गाविरुद्ध कोल्हापूर-सांगलीकडचे ऊस उत्पादक २०२४ पासून रस्त्यावर उतरले. ज्या गावाने वर्षानुवर्षे कमी भावाचे कागद केले, त्या गावाने मोबदल्याच्या वेळी “आमची जमीन सोन्याची आहे” असे म्हटले, तर अधिकारी तुमचीच खते तुमच्यापुढे ठेवतो. कर देताना माती आणि मोबदला घेताना सोने, हे दोन्ही एका सातबाऱ्यावर बसत नाही.

म्हणूनच “रेकनर कमी करा” ही घोषणा आम्हांस धोक्याची वाटते. आज ती मुद्रांकापुरती गोड लागते, उद्या संपादनात तीच उलटते. तक्ता खरा असणे हेच शेतकऱ्याच्या हिताचे आहे. कायद्यातही तशी सोय आहे. संपादनाची कार्यवाही सुरू करण्यापूर्वी त्या भागातील दर चालू बाजारभावाप्रमाणे सुधारून घेण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकलेली आहे. ही मागणी गावाने वेळेवर, लेखी केली पाहिजे.

मग मागावे काय?

एक, शेतजमिनीचा दर शेतीसाठी झालेल्या व्यवहारांवरूनच ठरवावा. प्लॉट आणि धंद्याच्या जागा यांचे व्यवहार त्यात मिसळू नयेत.

दोन, गावच्या घरपट्टीत आणि शेतीच्या दरात एका वेळी होणाऱ्या वाढीला गाववार आणि खातेवार कमाल मर्यादा असावी. इंग्रजाने घातली होती, मग स्वराज्यात का नसावी?

तीन, खातेदाराने स्वखर्चाने केलेल्या विहिरीमुळे वा ठिबकामुळे जमीन बागायत झाली असेल, तर तेवढ्यापुरती करात सवलत असावी.

चार, घरातल्या घरात होणाऱ्या हस्तांतरणाला बाजारभावाचे माप लावू नये. या बाबतीत सरकारने काही पावले टाकली आहेत, ती मान्य केली पाहिजेत. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे आणि मयत मुलाची पत्नी यांना शेतजमीन किंवा राहते घर बक्षीसपत्राने देताना मुद्रांक अवघा २०० रुपये, असे २०१५ मध्ये झाले. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मे २०२५ मध्ये झाला. पण २०० रुपयांच्या त्या यादीत भाऊ नाही, बहीण नाही. तुकडा तुकडा झालेले रान पुन्हा एका हाती येऊन नीट कसले जावे असे वाटत असेल, तर भावाभावांतील आणि चुलत्या-पुतण्यांतील खऱ्या व्यवहारालाही सवलत मिळाली पाहिजे.

मागण्या झाल्या. आता आपण काय करायचे तेही सांगतो. ग्रामसभेत घरकुलाची यादी आणि रस्त्याचे काम यांपलीकडे आपण फारसे बोलत नाही. दरवर्षी हिवाळ्यात एका ग्रामसभेत आपल्या गावचा दरतक्ता वाचला जावा. तो सरकारी संकेतस्थळावर असतो, घरातला कॉलेजात जाणारा मुलगा-मुलगी पाच मिनिटांत काढून देईल. गावचे दर खऱ्या व्यवहारांशी जुळतात की नाही हे पाहून, जुळत नसतील तर कारणांसह ठराव करून मुद्रांक जिल्हाधिकारी आणि नगररचना व मूल्यांकन विभाग यांच्याकडे पाठवावा. १ एप्रिल उजाडल्यावर अर्ज करणे म्हणजे गळीत हंगाम संपल्यावर ऊस नोंदवायला जाण्यासारखे आहे. आमची अशीही सूचना आहे की, प्रत्येक गट कार्यालयात ऊस नोंदीच्या यादीशेजारी त्या गटातील गावांचा दरतक्ता लावला जावा. शेतकी खात्याच्या कर्मचाऱ्यांवर याचा फार बोजा पडणार नाही.

ज्यांच्या रानाजवळ नगरपंचायत किंवा नगरपालिका आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१४ नंतर तालुक्याच्या अनेक गावांच्या नगरपंचायती झाल्या. शेतजमीन विकल्यावर आयकर लागतो की नाही, हे अशा हद्दीपासूनच्या अंतरावर ठरते. १०,००० ते १ लाख लोकवस्तीच्या शहरापासून २ किलोमीटर, १ ते १० लाखांपर्यंत ६ आणि त्याहून मोठ्या शहरापासून ८ किलोमीटर, तेही सरळ रेषेत मोजून. या पट्ट्याच्या आत विक्री करणाऱ्याने सौदा ठरवण्यापूर्वीच जाणकाराला विचारावे, इसार घेतल्यावर नव्हे.

सभासद बंधू-भगिनींनो, सहकाराने आपल्याला एक गोष्ट शिकवली आहे. काटा खरा असेल, तरच वजनाबद्दल भांडण्यात अर्थ असतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर आपल्या उसाचे एक किलो कमी भरलेले आपण खपवून घेत नाही. मग जमिनीच्या काट्यावर आपणच हात का ठेवावा? जमिनीचा भाव खरा सांगू या, आणि मग ताठ मानेने सरकारला विचारू या की, जो जमीन विकत नाही, कसतो, त्याला भावावर कर का? कर पिकाला पेलेल एवढाच असावा. ही मागणी एकट्या-दुकट्याने केली, तर तो अर्ज फायलीत पडून राहील. साऱ्या गावांनी ठराव करून ती केली, तर तिची दखल घ्यावीच लागेल. येत्या ग्रामसभेत हा विषय निघावा आणि तो काढणारा आपल्या कारखान्याचा सभासद असावा, एवढीच विनंती.